क्षमतांची सावड : फाशांच्या खेळाविषयी वाचकांचे प्रश्न

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांचा खेळ, ज्यात प्रत्येक खेळाडू कथेतले एक पात्र चालवतो. त्या पात्राचा क्लास, म्हणजे पेशा, कसा निवडावा, याविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : एका पात्राची क्षमता दुसऱ्या पात्राला वापरता येते का, आणि येत असल्यास कोणत्या अटीवर. म्हणून या वेळी त्याच पत्रांना उत्तरे देत आहे. नियमांचे सर्व उल्लेख, वेगळे सांगितले नसेल तेथे, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या नियमांना धरून आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही पाच मित्र दर रविवारी दुपारी खेळतो आणि डीएम, म्हणजे कथा चालवणारा, मी आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर बेतलेला एक किल्ला मी रचला असून पात्रे खंदक ओलांडून अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेच्या, तोंडाशी आली आहेत. नेमका याच वेळी आमचा रोग गेला. म्हणजे रोग, अर्थात चोराच्या क्लासचे पात्र, खेळणाऱ्या मित्राला पुण्यात नोकरी लागली. उरलेले फायटर (योद्धा), विझार्ड (जादूगार) आणि पॅलाडिन (धर्मयोद्धा) पाचव्या लेव्हलवर, म्हणजे पाचव्या पायरीवर, आहेत. रोगचे पात्र कथेत जिवंत ठेवून त्याच्या क्षमता इतरांनी आलटूनपालटून वापराव्यात, असा ठराव तिघांनी मांडला आणि पुढे, मग सगळ्यांच्याच क्षमता सगळ्यांना का नकोत, असेही म्हणू लागले. मी परवानगी द्यावी का?
— एक डीएम, अंबाजोगाई

उत्तर : 'रोग गेला' हे वाक्य मराठीत सहसा पेढे वाटून सांगायचे असते, आपल्यावर ते चिंतेने लिहिण्याची वेळ आली, याबद्दल सहानुभूती आहे.

परवानगी द्यावी, परंतु ठरावाच्या उत्तरार्धाला नव्हे. आपल्या भागात ज्याच्याकडे एकच बैल असतो तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो; आज जोडी याच्या रानात चालते, उद्या त्याच्या. सावडीचा सगळा हिशेब एका साध्या गोष्टीवर उभा असतो, ती म्हणजे माझा बैल तुमच्या रानात असताना तो माझ्या रानात नसतो. आपल्या मित्रांनी मांडलेल्या ठरावात नेमकी हीच गोष्ट नाही. त्यांच्या योजनेत बैल एकाच वेळी चार रानांत औत ओढणार आहे आणि संध्याकाळी दमलेलाही नसणार आहे.

खेळाच्या नियमांत देवाणघेवाणीला मज्जाव आहे, असे मात्र समजू नये. बार्डची, म्हणजे गायक-कवीच्या क्लासची, प्रेरणा हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे. बार्ड आपली बोनस अॅक्शन, म्हणजे पाळीतील मुख्य कृतीखेरीजची छोटी कृती, खर्च करून ६० फुटांच्या आतील, आपले शब्द ऐकू येणाऱ्या एका सोबत्याला एक जादा फासा देतो, जो त्या सोबत्याने १० मिनिटांच्या आत वापरायचा असतो. आणि बार्डला तो फासा स्वतःसाठी कधीच ठेवता येत नाही. 'पाथफाइंडर' या खेळाच्या पहिल्या आवृत्तीतील कॅव्हेलिअर तर आपली एक डावपेचाची क्षमता ३० फुटांतील सर्व सोबत्यांना खरोखर उसनी देतो, पण त्यासाठी त्याला आपल्या पाळीतील मुख्य कृती द्यावी लागते, उसनवारी ३ फेऱ्या अधिक दर दोन लेव्हलमागे १ फेरी एवढीच टिकते, आणि आरंभी हे दिवसातून एकदाच करता येते. त्याच खेळातील स्कॉल्ड आपल्या गाण्याने इतरांच्या अंगात आवेश भरतो. तेथे प्रत्येक सोबत्याला तो आवेश घ्यायचा की नाही हे स्वतः ठरवता येते, आणि जो घेतो त्याचा बचाव एकाने घटतो. म्हणजे कोठे देणारा किंमत मोजतो, तर कोठे घेणारा. फुकट कोणीच काही देत नाही.

क्लास ही कुंपणे मुळात कशासाठी घातली गेली, हेही आपल्या मित्रांना सांगावे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला, तेव्हा त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक हे तीनच क्लास होते. चोराचा क्लास पुढच्या वर्षी एका पुरवणीतून आला आणि त्याच्यासोबत एक वादही आला, जो आजही मिटलेला नाही : भिंत चढणे आणि सापळा शोधणे ही चोराची खास कला ठरली, तर आजवर तेच करत आलेल्या योद्ध्याने आता काय करायचे? कुंपण घातले की बाहेर राहणाऱ्याची कुरकूर होते, हे खरे आहे. पण कुंपणच नसेल तर टेबलाभोवती चार पात्रे उरत नाहीत, चार तोंडे असलेले एकच पात्र उरते.

आता आपल्या अडचणीकडे वळू. ती प्रत्यक्षात दोन आहे. पहिली कुलपांची आणि सापळ्यांची आहे, आणि तिच्यासाठी कोणाची क्षमता उसनी घेण्याची गरजच नाही. साधे कुलूप उघडण्यासाठी चोराच्या हत्यारांत प्रावीण्य आणि कौशल्याच्या फाशावर १५ लागतात, रोग असण्याची अट नाही. ते प्रावीण्य गुन्हेगारी पूर्वायुष्य असलेल्या कोणत्याही पात्राला आरंभापासूनच असते. तसे कोणी नसेल तर गुरूकडे २५० दिवस शिकून, दररोज १ सोन्याचे नाणे देऊन ते मिळवता येते. कथेत एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटू देण्याची तयारी असेल, तर आपला फायटर कुलपे उघडू लागेल आणि त्या अवधीत किल्ल्याच्या आत काय काय बदलले, हे ठरवण्याची मौज आपल्याला मिळेल.

दुसरी अडचण लढाईची आहे, आणि येथे थोडे गणित करणे इष्ट ठरेल, कारण 'एवढ्याने काय बिघडते' या वाक्याला गणिताशिवाय उत्तर देता येत नाही. पाचव्या लेव्हलच्या रोगचा स्नीक अटॅक, म्हणजे शत्रू कचाट्यात असताना वारासोबत होणारे जादा नुकसान, सहा बाजूंच्या ३ फाशांचा, म्हणजे सरासरी साडेदहाचा असतो आणि एका पाळीत एकदाच लागू होतो. वार बसण्याची शक्यता ६० टक्के धरली आणि रोग एकच वार करत असेल, तर त्याच्या हातात या क्षमतेचे मोल ६.३ होते. तीच क्षमता रेपियर, म्हणजे हलकी टोकदार तलवार, घेतलेल्या फायटरला फुकट दिली, तर त्याला दोन वार असल्यामुळे दोहोंपैकी एक तरी बसण्याची शक्यता ८४ टक्के होते आणि मोल ८.८ वर जाते. दुसऱ्या हातात खंजीर घेऊन रोगही दुसरा वार करू शकतो, पण त्यापायी त्याची बोनस अॅक्शन जाते, जी त्याला निसटण्यासाठी आणि लपण्यासाठी हवी असते. क्षमता ज्या हातासाठी घडवली आहे, त्यातून ती दुसऱ्या हातात गेली की तिचे वजन असे बदलते.

येथे फरक थोडाच आहे. फायटरची अॅक्शन सर्ज, म्हणजे एका पाळीत एक जादा कृती करण्याची क्षमता, विझार्डच्या हाती दिली, की मात्र पारडेच उलटते. फायटरला त्या जादा कृतीतून दोन वार मिळतात. प्रत्येक बसलेला वार सरासरी साडेआठचा धरला, तर ६० टक्क्यांच्या हिशेबाने दोहोंचे मिळून मोल जेमतेम दहा होते. विझार्ड त्याच कृतीतून फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, दुसऱ्यांदा टाकतो. आठ फाशांचा तो स्फोट सरासरी २८ चा असतो. त्याच्या २० फूट त्रिज्येत चार शत्रू उभे असले आणि त्यांतील दोघांनी फाशाच्या जोरावर निम्म्या नुकसानीवर निभावले, तरी बेरीज ८४ होते. हे प्रकरण किती तापदायक आहे, ते खेळाच्या कर्त्यांनाही उमगले असावे, कारण २०२४ च्या सुधारित नियमांत अॅक्शन सर्जने मिळालेल्या कृतीतून मंत्र टाकण्यास स्पष्ट मनाई केली आहे.

म्हणून मी आपल्या जागी असतो, तर उसनवारीचा नियम असा लिहिला असता. देणाऱ्याने आपल्या पाळीत पूर्ण अॅक्शन खर्च करावी. घेणारा ३० फुटांच्या आत असावा आणि त्याला देणाऱ्याचा आवाज ऐकू यावा. क्षमता देणाऱ्याच्या पुढील पाळीपर्यंत एकदाच वापरली जावी, देणाऱ्याच्याच फाशांनी वापरली जावी, आणि मोजूनमापून मिळणारी असेल तर देणाऱ्याच्या खात्यातून वजा व्हावी. आणि तोवर देणाऱ्याला ती स्वतः वापरता येऊ नये. ज्या क्षमता जादा कृती किंवा जादा वार देतात, त्या या नियमाबाहेर ठेवाव्यात. मंत्र टाकण्याची मूळ शक्तीही बाहेर ठेवावी. पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट, म्हणजे मंत्रसाठा खर्चून वाराचे नुकसान वाढवणे, आत येऊ द्यायला हरकत नाही, पण एका वेळी एकच आणि पॅलाडिनचाच मंत्रसाठा खर्च करून.

या नियमाने रोगने स्वतःचा वार सोडून स्नीक अटॅक फायटरला दिला, तर पार्टीला, म्हणजे पात्रांच्या टोळीला, निव्वळ हिशेबात तोटा होतो : रोगचा स्वतःचा वार ५.१ आणि स्नीक अटॅकचे ६.३ मिळून ११.४ गमावून ८.८ पदरात पडतात. मला हा तोटा हवा आहे. अशा नियमात खेळाडू क्षमता उसनी देईल ती केवळ अडचणीत, म्हणजे अंधारीच्या अरुंद वाटेत पुढे एकालाच उभे राहता येते, रोग मागे अडकला आहे आणि समोरचा शत्रू दिसतही नाही, अशा वेळी. तेव्हा मागून येणारी 'डावीकडे, बरगडीखाली मार' ही कुजबुज टेबलावरच्या सर्वांना पटेल. शिवाय रोगचे पात्र आता आपल्यालाच चालवायचे आहे. त्याने आपली पाळी उसनवारीत घालवली, तर आपले काम हलके होईल.

तिघांचेच दीर्घकाळ खेळायचे ठरले आणि ही उसनवारी अपुरी वाटू लागली, तर एक जुना मार्ग आहे. ३.५ आवृत्तीच्या काळात, २००४ साली, 'जेस्टाल्ट' नावाचा पर्यायी नियम प्रसिद्ध झाला होता, ज्यात प्रत्येक पात्र प्रत्येक लेव्हलला दोन क्लास एकदम घेते आणि दोहोंतील सरस ते ठेवते. पात्रे त्यामुळे बरीच बलदंड होतात, परंतु खेळाडू कमी असलेल्या गटांना तो मानवतो. नेहमीच्या मल्टिक्लासिंगने, म्हणजे लेव्हल दोन क्लासांत वाटून घेण्याने, हे साधत नाही, कारण तेथे दुसऱ्या क्लासची लेव्हल पहिल्यातूनच कापली जाते. फायटर ३ आणि रोग २ अशा पाचव्या लेव्हलच्या पात्राला फायटरचा दुसरा वार मिळत नाही, आणि दोन्ही क्लाससाठी नेमलेले गुण किमान १३ असावे लागतात, ते वेगळेच.

प्रश्न : आमच्या गटात फायटर हा बॅटल मास्टर, म्हणजे डावपेचांत तरबेज असलेला फायटर, आहे. तो 'कमांडर्स स्ट्राइक' हा डावपेच वापरून रोगला वार करायला लावतो आणि रोग त्या वारावरही स्नीक अटॅक लावतो. स्वतःच्या पाळीत त्याने तो आधीच वापरलेला असतो. हे नियमाला धरून आहे का? आमचा खेळ दोन आठवडे याच वादावर थांबला आहे.
— वसतिगृहातील एक गट, लातूर

उत्तर : नियमाला धरून आहे. स्नीक अटॅक 'एका पाळीत एकदा' आहे, 'एका फेरीत एकदा' नाही. फायटरच्या पाळीत रोगने केलेला वार वेगळ्या पाळीतला असल्यामुळे तेथे स्नीक अटॅक पुन्हा लागू शकतो. मात्र त्याच्या नेहमीच्या अटी तेव्हाही पुऱ्या व्हाव्या लागतात, म्हणजे हत्यार योग्य प्रकारचे हवे आणि रोगला वरचढ संधी तरी हवी किंवा शत्रूच्या ५ फुटांत त्याचा दुसरा शत्रू तरी उभा हवा.

वादात एक गोष्ट सुटली असावी, असे वाटते. फायटर यासाठी आपला एक वार सोडतो, बोनस अॅक्शन देतो आणि एक सुपिरिऑरिटी फासाही, म्हणजे डावपेचांसाठीच्या मोजक्या फाशांपैकी एक, देतो, जो रोगच्या वाराच्या नुकसानीत मिळतो. रोगची त्या फेरीतील एकमेव रिअॅक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी प्रतिक्रिया, जाते. त्यामुळे पाचव्या लेव्हलचा रोग त्याच फेरीत अंगावर आलेला घाव अर्ध्यावर आणू शकत नाही. एवढी किंमत मोजल्यावर ३ फाशांचे नुकसान महाग आहे, असे कोणी म्हणू नये. चौथ्या आवृत्तीत, २००८ साली, सोबत्यांकडून वार करवून घेणे हेच मुख्य काम असलेला वॉरलॉर्ड नावाचा स्वतंत्र क्लास होता. त्याचे चाहते तो परत यावा म्हणून अजूनही हळहळतात, त्यांत मीही आहे.

प्रश्न : दोन पॅलाडिन शेजारी उभे राहिले, तर दोघांच्या संरक्षक वलयांचा फायदा एकत्र मिळतो का?
— एक वाचक, बीड

उत्तर : नाही. एकाच नावाची दोन वलये एकावर एक रचली जात नाहीत. जे मोठे असेल तेवढेच लागू होते. दोघांनी वेगवेगळ्या सोबत्यांजवळ उभे राहणे अधिक लाभाचे आहे, कारण सतराव्या लेव्हलपर्यंत हे वलय १० फुटांचेच असते. पॅलाडिन बेशुद्ध पडला की ते विझते, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : आमच्या पार्टीत दोन विझार्ड आणि एक क्लेरिक, म्हणजे धर्मोपदेशक, आहे. दोन विझार्ड एकमेकांच्या वहीतून मंत्र उतरवून घेतात. क्लेरिक म्हणतो की त्यालाही अक्षरओळख आहे, मग त्याने फायरबॉल का उतरवून घेऊ नये?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : क्लेरिकच्या अक्षरओळखीविषयी शंका नाही, पण त्याच्याकडे उतरवायला वहीच नाही. विझार्डची विद्या वहीतली असते; क्लेरिकची शक्ती दैवताकडून येते आणि ती त्याच्या क्लासच्या यादीपुरतीच असते. त्यातही गंमत अशी की, प्रकाशाच्या दैवताची उपासना करणाऱ्या क्लेरिकला पाचव्या लेव्हलला फायरबॉल आपसूक मिळतो. आपल्या मित्राने दैवत निवडताना घाई केली असावी.

दोन विझार्डांची देवाणघेवाण मात्र निर्वेध आहे, आणि संपूर्ण खेळात खऱ्या अर्थाने विद्यादान म्हणावे असे हे एकच ठिकाण आहे : देणाऱ्याचे काही कमी होत नाही. किंमत घेणारा मोजतो. मंत्राच्या दर लेव्हलमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात, म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा फायरबॉल उतरवायला ६ तास आणि १५० नाणी. घेणाऱ्याला त्या लेव्हलचे मंत्र सिद्ध करता येत असले पाहिजेत, ही अट आहे.

क्लेरिकची हौस भागवायचीच असेल, तर मंत्राची गुंडाळी उपयोगी पडणार नाही, कारण ती वाचण्यासाठीही मंत्र आपल्या क्लासच्या यादीत असावा लागतो. मंत्र साठवणारी अंगठी उपयोगी पडेल. तीत विझार्डने आपला मंत्रसाठा खर्चून एकूण ५ लेव्हलपर्यंतचे मंत्र भरून ठेवायचे आणि अंगठी क्लेरिकच्या बोटात घालायची. मंत्र सुटताना विझार्डचेच आकडे धरले जातात. अंगठीशी अगोदर जुळवून घ्यावे लागते, आणि एका पात्राला अशा तीनच वस्तूंशी जुळवून घेता येते. ही अंगठी म्हणजे वर सांगितलेली सावडच आहे. बैल फक्त आदल्या दिवशी नेऊन बांधलेला आहे.

प्रश्न : मी पॅलाडिन खेळते. माझी लेव्हल ४ आहे. कोणाला ओरखडा उठला तरी सगळे बरे करून घ्यायला माझ्याकडे हात पसरतात, आणि मी नाही म्हटले तर 'पार्टीची क्षमता आहे, तुझी एकटीची नाही' असे ऐकवतात. मी म्हणजे गावची हापशी झाले आहे. येईल त्याने दांडा मारावा. माझ्या क्षमतेवर माझा हक्क आहे की पार्टीचा?
— एक खेळाडू, परभणी

उत्तर : आपला आहे. आपल्या पात्राच्या कागदावर लिहिलेली प्रत्येक गोष्ट कधी वापरायची, हे ठरवण्याचा अधिकार आपला असतो, आणि डीएमनेदेखील तो दुसऱ्याच्या हाती देऊ नये. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळत असल्याचे शिल्प आहे. आपल्या भागातील फाशांच्या खेळाचा तो बहुधा सर्वांत देखणा पुरावा असेल. त्या डावातही कोणी दुसऱ्याच्या वाटणीचे दान टाकत नाही.

हक्काचे झाले, आता पाण्याचा हिशेब करू. हस्तस्पर्शाने बरे करण्याचा आपला साठा लेव्हलच्या पाचपट, म्हणजे २० गुणांचा आहे आणि दीर्घ विश्रांतीनंतरच तो पुन्हा भरतो. आपल्या सोबत्यांना बहुधा हे ठाऊक नसावे की बेशुद्ध पडलेल्याला उठवायला १ गुणही पुरतो. ज्याला ओरखडा उठला आहे तो अजून चालतो आहे. जो पडला आहे त्याची पाळीच जाते आहे. तेव्हा साठा उभ्या असलेल्यांवर उधळण्याऐवजी पडलेल्यांसाठी राखणे, हाच त्याचा सर्वांत काटकसरीचा उपयोग आहे. साठ्यातील ५ गुण विष किंवा रोगराई उतरवण्यासाठी लागतात, म्हणून तेवढे आपण शेवटपर्यंत हातचे ठेवावेत, असे मी सुचवीन.

ओरखड्यांची सोय पार्टीने स्वतःच्या खर्चाने करावी. उपचाराचे औषध ५० सोन्याच्या नाण्यांना मिळते, चार बाजूंच्या २ फाशांवर २ मिळवून तेवढे गुण भरून देते आणि ते कोणीही कोणाला पाजू शकतो. वैद्याची पेटी तर ५ नाण्यांना मिळते. तीत १० वापर असतात आणि मरणाच्या दारात असलेल्याला त्यातून, कोणताही फासा न टाकता, स्थिर करता येते. अल्प विश्रांतीत प्रत्येकाला आपले हिट डाइस, म्हणजे स्वतःला बरे करण्यासाठीचे राखीव फासे, खर्च करून बरे होता येते, ते कोणी वापरत आहे का, हेही पाहावे. पुढच्या सत्राच्या आरंभी आपण टेबलावर वीस शेंगदाणे मांडून बसावे आणि दर गुणामागे एक उचलावा. मागणाऱ्याला किती उरले आहेत ते दिसले, म्हणजे तो मागण्याआधी स्वतःच्या पिशवीत काय आहे ते पाहील. शेंगदाणे कोणी खाणार नाही, याची जबाबदारी डीएमची.